फॉइलचा आवाज

ड्रेकर्स पॅच, पेनसिल्व्हेनिया
१६ एप्रिल

बर्नाडेट,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्या वकिलाने मला ‘प्रिय रेजिना’ असं लिहिलंय, तेवढं प्रेम या वर्षाला पुरे.

फोन मी उचलणार नाही. फोनवर तू रडतेस, आणि मग आरोप तूच केलेले असले तरी समजूत मला घालावी लागते. लहानपणापासून हेच चाललंय. जे म्हणायचं ते कागदावर म्हण.

घर विकायला माझी संमती नाही. आईने ते अर्धं तुझ्या नि अर्धं माझ्या नावावर ठेवलं, हे मला वकिलाकडून कळायची गरज नव्हती. पण बाबा गेल्यावर नऊ वर्षं या घरात तिच्याबरोबर कोण राहिलं? तिचं कंबरडं धरून तिला टबात कोण उतरवत होतं? तू तिकडे ॲरिझोनात उन्हात बसून दर रविवारी फोन करायचीस, आणि आता म्हणतेस की मी तिला धड बोलू देत नव्हते. फोन स्वयंपाकघरात होता आणि मी स्वयंपाकघरात असायचे. भांडी काय बैठकीत घासू?

“या घरातून मी आडवीच बाहेर पडेन,” असं आई म्हणाली होती. तू तिला तिकडे न्यायचा विषय काढलास की मी तुला दर वेळी हेच सांगत आले. तसंच झालं. आणि जे घर तिला सोडायचं नव्हतं ते तू, तिच्या थडग्यावर अजून गवतही उगवलं नसताना, विकायला काढतेस.

आता चेनबद्दल. शवपेटीपाशी चर्चची सगळी मंडळी रांगेत उभी होती. तू आईच्या गळ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “रेजी, चेन कुठाय?” तू हळू बोललीस असं तुला वाटतं. ज्या ओलेक्सीबाईंना कानात यंत्र घालूनही फादरचं प्रवचन ऐकू येत नाही, त्यांनासुद्धा ते ऐकू गेलं. तेव्हापासून चर्चमध्ये माझ्या बाकावर मला ऐसपैस बसायला मिळतं.

बाबांनी लग्नात तिला घातलेली चेन, नखाएवढा सोन्याचा क्रूस. मी ती विकून खाल्ली असं तुला वाटतं. ती कपडे वाळत घालताना पडली, मागच्या दोरीखाली. मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते.

आणि नुसतं सांगून थांबणार नाही. बर्फ वितळलं त्या आठवड्यात मी एक यंत्र विकत घेतलं, जमिनीतला धातू ओळखणारं. लांब दांडा, खाली थाळीएवढी तबकडी, कानाला हेडफोन. चेन सापडली की ती टपालाने येणार नाही. मी स्वतः विमानाने येऊन ती तुझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवीन, तुझ्या नवऱ्यासमोर, गिल्बर्टसमोर.

तू आईला तुमच्याकडच्या खोलीचा फोटो पाठवला होतास, तो कुठे आहे विचारतेस. फ्रिजवर लावला होता, कधीतरी मागे पडला. आणि ती खोली खास आईसाठी बांधली होती ना, कठडे लावून, खिडकीबाहेर संत्र्याचं झाड वगैरे? मग गिल्बर्टने नाताळात पाठवलेल्या फोटोत तिथे व्यायामाची सायकल कशी दिसते?

रेजिना


११ मे

बर्नाडेट,

अंगणाची मी वाट लावली हे तुला शेजारच्यांकडून कळलं म्हणतेस. कळू दे. हेर पोसायची तुला हौस आहे.

यंत्र शिकणं सोपं नसतं. दुकानातला पोरगा म्हणाला होता, वाजलं की खणायचं. इथे सगळंच वाजतं! शंभर वर्षांचं घर, प्रत्येक पिढीने खिळे सांडलेले. बाबांनी भट्टीची राख जन्मभर मागच्या पायऱ्यांपाशी ओतली, तिथे तर तबकडी नेली की कानात मांजरं भांडतात. मी बागेच्या कुदळीने गोल गोल खड्डे केले आणि माती परत लोटली. दोन आठवड्यांत प्रत्येक ठिकाणी गवत वाळून बशीएवढे पिवळे डाग पडले. अंगणाला नायटा झाल्यासारखं दिसत होतं.

मग लोरेन पिझानो आली. तुला ती आठवत नसेल, तू गेल्यावर ती इकडे आली. तीस वर्षं स्कूलबस चालवली तिने, त्यामुळे ती कुजबुजते तेही शेवटच्या सीटपर्यंत जातं. तिला या शोधाशोधीचा नाद आहे. गाडीतून जाताना तिने अंगण बघितलं आणि गाडी रस्त्यातच थांबवली.

“अगं ए, हे तू केलंस की बिळं उकरणाऱ्या ग्राउंडहॉगने?”

“मी.”

“ग्राउंडहॉगला तरी लाज असते. सरक बाजूला.”

तिने गुडघ्यावर बसून दाखवलं. गवत तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू तशीच सोडायची, झाकणाची बिजागरी असते तशी. झाकण उलटं करायचं, माती फडक्यावर काढायची, वस्तू काढली की माती परत, झाकण परत, वरून पाय. मुळं तुटली नाहीत तर गवताला पत्ताही लागत नाही. खड्ड्यात नेमकं कुठे आहे ते बघायला गाजराएवढं वेगळं यंत्र असतं, ते तिने स्वतःचं दिलं आणि म्हणाली, “हरवलंस तर तुझं हे घर घेईन.”

“अर्धंच मिळेल,” मी म्हणाले.

ती हसली नाही. कापलेलं गवत दाबता दाबता म्हणाली, “ऐक. आमच्यात एकच नियम आहे. जे निघेल ते जमिनीच्या मालकाला दाखवायचं. खिळा निघो नाहीतर हिरा. न दाखवता खिशात घातलं की तू चोर. मग माझ्या गाडीत बसायचं नाही.”

“मालक मीच आहे की.”

“आत्ता तर अर्धंच म्हणालीस.”

“मग?”

“मग दुसऱ्या अर्ध्यालाही दाखव.”

म्हणून हे लिहितेय. माझं काही अडलेलं नाही. आतापर्यंत निघालं ते असं: बादलीभर खिळे, बिअरच्या डब्यांच्या कड्या (सगळ्या बाबांच्या), तू हरवलेली रोलर स्केटची किल्ली, आणि आजोबांचा खाणीतला पितळी बिल्ला, आकडा अजून वाचता येतो. खाली उतरताना बिल्ला फळ्यावर लावायचा, वर आलं की काढायचा. हा घरी कसा राहिला कुणास ठाऊक. बिल्ला मी ठेवून घेतलाय. दाखवायचा नियम आहे, द्यायचा नाही.

कचऱ्याचे आवाज बंद करायची एक कळ यंत्रावर असते. मी खिळे बंद केले, कड्या बंद केल्या, फॉइल बंद केलं. आता कानाला जरा शांतता आहे.

रेजिना


२८ जून

बर्नाडेट,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून चुलीत घालणार होते, पण आता चूल कुठाय.

“आई गेली पाच वर्षं कपडे वाळत घालत नव्हती, तिला वॉकर सोडून उभंच राहता येत नव्हतं, मग चेन दोरीखाली कशी पडेल?” हे तू विचारलंस. बरोबर आहे. दोरीखाली मी सगळं अंगण चाळून काढलं, तिथे काही नाही. मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, लोक बघत होते, तोंडाला आलं ते म्हटलं. तू चारचौघांत विचारलंस म्हणून मी चारचौघांत सांगितलं. चेन कुठे गेली ते मला माहीत नव्हतं. आजही नाही. एक दिवस तिला अंघोळ घालताना गळा रिकामा दिसला. मी विचारलं तर म्हणाली, “ठेवलीय.” कुठे ते सांगेना. मग चार दिवसांत हॉस्पिटल, आणि पुढचं तुला माहीतच आहे.

पण खरं पत्र त्यासाठी नाही. खरं पत्र तुझ्या निर्लज्जपणाबद्दल आहे.

परवा लोरेन आली होती. तिने माझं यंत्र हातात घेतलं, कळ बघितली आणि अशी ओरडली की समोरचा कुत्रा भुंकायला लागला.

“फॉइल बंद केलंयस? बाई, तू सोनं शोधतेस ना?”

“म्हणून तर कचरा बंद केला.”

“अगं, बारीक सोनं यंत्राला फॉइलसारखंच ऐकू येतं! नखाएवढा क्रूस म्हणालीस ना? मग त्याचंच तोंड दाबून ठेवलंस. दोन महिने बहिरी होऊन फिरतेस आणि वर मला सांगतेस, काही सापडत नाही.”

तिने कळ उघडली, राखेसाठी यंत्र पुन्हा जुळवून दिलं आणि मला मागच्या पायऱ्यांकडे पिटाळलं. खालच्या पायरीच्या कडेला, आईच्या पिओनीच्या फुलझाडांच्या वाफ्यात, वाजलं. हलका आवाज, कुणी जिभेने ‘टक्’ करावं तसा. मी घाईने खुरपं मारलं, फॉइलच्या चिंध्या झाल्या, आणि आतून निघाला प्लॅस्टिकचा संत जोसेफ, वीतभरही नाही, डोकं खाली पाय वर.

लोरेन हसत सुटली. “घर विकायला काढलंयस आणि मला बोलली नाहीस?”

जोसेफला कशाला पुरतात ते तुला मी सांगायला नको. ब्रूनोकाकाचं घर दोन वर्षं विकलं जात नव्हतं, तेव्हा काकूने त्याला ‘घर विकणे आहे’च्या पाटीखाली डोक्यावर उभं करून पुरलं होतं आणि आपण दोघी बघायला गेलो होतो. तू विचारलंस की तो गुदमरणार नाही का. काकू म्हणाली, “त्यालाही सरळ व्हायची घाई असते, म्हणून तर गिऱ्हाईक लवकर आणतो.”

तर घर विकायचं कुणाच्या मनात आहे? माझ्या? अंत्यविधीला चार दिवस तू या घरात राहिलीस. सगळे जेवायला चर्चच्या हॉलमध्ये गेले असताना तू ‘जरा एकटी बसते’ म्हणून मागच्या पायऱ्यांवर बसली होतीस. मी स्वतः तुला कोट आणून दिला. आई अजून जमिनीत गेली नव्हती आणि तू जोसेफला जमिनीत घालत होतीस!

वकिलाला कळव, मी सही करणार नाही. शेवटच्या श्वासापर्यंत इथे राहीन आणि तुझ्या अर्ध्या भागाला रंगसुद्धा लावणार नाही.

रेजिना


२२ जुलै

बर्नाडेट,

आईची शपथ घेऊन तू लिहितेस की जोसेफ तू पुरला नाहीस. शपथेची गरज नाही. तू पुरला नाहीस.

हे मी माफी म्हणून लिहीत नाही, दाखवायचा नियम म्हणून लिहितेय.

तुझं पत्र यायच्या आधीच मी तो सगळा वाफा पुन्हा फिरले. राखेत यंत्र वेडंवाकडं बोलतं, पण कान तयार झाला की त्या गोंगाटातही एकेक ‘टक्’ वेगळा कळतो. या वेळी खुरपं मारलं नाही. लोरेनने शिकवलं तसं तिन्ही बाजूंनी कापलं आणि हाताने माती काढली. अजून एक निघाला. त्याच्याशेजारी अजून तीन. मग पिओनीच्या मुळांत गुंतलेला एक, त्याचं फॉइल काळं पडून पापडासारखं झालेलं. एका वर्षाचं काम नाही हे. सगळे डोक्यावर उभे, सगळे खालच्या पायरीवर बसलेल्या बाईच्या हाताच्या टप्प्यात.

आणि घडी, बर्नी. फॉइलच्या दोन कडा वर एकत्र आणून दोनदा दुमडलेल्या, मग दोन्ही टोकं त्रिकोणी करून खाली मुडपलेली. आपले शाळेचे डबे तसेच असायचे. फ्रीजरमधले अक्रोडाचे रोल तसेच असायचे. तुला ती घडी कधी आली नाही, मलाही आली नाही. आई म्हणायची, “तुमच्या दोघींच्या हाताला वळण नाही.”

संताला नुसत्या चिखलात कसं ठेवायचं, म्हणून तिने त्याला डबा बांधतात तसं बांधलं असणार. दुसरं काय?

हवा बरी असली की मी तिला त्या पायरीवर बसवायचे आणि आत भांडी घासायला जायचे. खिडकीतून दिसायची. वाकून माती उकरत असायची. मी ओरडायचे, “आई, कंबर!” ती म्हणायची, “पिओनीला मुंग्या लागल्यात गं.” वाढायचा मोठा चमचा दर थोड्या दिवसांनी वाकलेला सापडायचा, मी तो गुडघ्यावर सरळ करायचे आणि चमचे हल्ली कसे भिकार बनवतात यावर बडबडायचे. ती ऐकून घ्यायची.

ती वेडसर झाली होती असं तू म्हणशील. नव्हती. बिंगोत एकावेळी सहा कार्डं खेळायची.

कदाचित आणखी काही कारण असेल. ब्रूनोकाकासारखं दुसऱ्या कुणाचं घर अडलं असेल. मला अजून माहीत नाही.

रे.


१३ ऑगस्ट

बर्नी,

चर्चची जत्रा झाली. मी याही वर्षी बटाट्याची धिरडी तळायला उभी राहिले. काहीजणांनी माझ्या हातची न घेता पलीकडच्या रांगेतून घेतली. तुझ्या कृपेने.

गर्दी ओसरल्यावर ओलेक्सीबाईंच्या टेबलाशी गेले. त्या दर वर्षी जपमाळा, मेणबत्त्या, मूर्ती विकतात. आईला दर जत्रेत मी तिथेच बसवून धिरड्यांकडे जायचे, कारण तिथे सावली असते. टेबलाच्या कोपऱ्यात जोसेफची रांग होती. तोच साचा.

मी विचारलं, “बाई, आई तुमच्याकडून काही घ्यायची का?”

“काय?”

“आई! हेलन! काही घ्यायची का?”

“घ्यायची म्हणजे? दर वर्षी एक जोसेफ!” सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं बोलतात त्या. “मी म्हटलं, हेलन, तुझी घरं आहेत तरी किती? ती म्हणाली, एकच आहे गं, पण हा तुझ्यासारखाच, कमी ऐकतो.”

आणि हसल्या. मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या. “पोरी, तुला ठाऊक नव्हतं? धाकटीकडे जायचं म्हणायची की. तिकडे संत्र्याचं झाड आहे म्हणे, खिडकीतून हात घालून तोडता येतात. मला फोटो दाखवायची. खिशात असायचा तिच्या. मग एका वर्षी म्हणाली, फोटो हरवला.”

“ठाऊक होतं मला,” मी म्हणाले.

“बरं बाई. मला वाटलं घर विकलं जात नाही म्हणून अडलीय. मी तिला सांगितलं पण, हेलन, आधी पाटी तर लाव! नुसत्या जोसेफने काय होणार? ती म्हणाली, पाटी लावणं माझ्या हातात नाही.”

मी परत जाऊन उरलेली धिरडी तळली.

हे पत्र तुला पाठवू की नको ते अजून ठरलेलं नाही. यंत्र मी तळघरात ठेवून दिलंय. लोरेन दोनदा येऊन गेली, मी दार उघडलं नाही. तिने दाराबाहेरून ओरडून सांगितलं, “तोंड लपवून बसलीस तर बस, पण माझं गाजर परत दे!”


३० सप्टेंबर

बर्नी,

आधीचं पत्र पाठवलं नव्हतं. ते याच्याबरोबर येतंय. आधी ते वाच.

लोरेनचं गाजर परत द्यायला म्हणून तळघरात गेले आणि यंत्र घेऊन वर आले. पायरीच्या अगदी चिकटून एक जागा राहिली होती. तिथला आवाज मला जुलैपासून माहीत होता. बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळा होता, म्हणूनच मी तिथे खणलं नव्हतं.

फॉइल नवं कोरं होतं. हे गेल्या वर्षीच्या जत्रेतलं. घडी तशीच, फक्त एक टोक नीट मुडपलं गेलं नव्हतं, तेव्हा तिचे हात थरथरायला लागले होते. आत जोसेफ, आणि जोसेफच्या गळ्यात तीन वेढे देऊन बाबांची चेन. क्रूस त्याच्या पाठीवर आला होता.

जोसेफ ऐकत नाही म्हणून तिने त्याला सोनं दिलं. तेवढंच तिच्याकडे होतं.

तर बर्नाडेट, चेन मी घेतली नव्हती. तू भर रांगेत मला चोर ठरवलंस, आता भर रांगेत सांग की चुकले. ये ईस्टरला आणि उभी राहून सांग. पण मग लोक विचारतील, कुठे सापडली? आणि तुला सांगावं लागेल की नऊ वर्षं आईची सेवा केली ती थोरली स्वयंपाकघरात भांडी घासत होती, आणि आई खिडकीखाली बसून चमच्याने तिच्यापासून सुटायचा रस्ता खणत होती. तेव्हा नको सांगूस. मला चोर राहणं परवडेल.

‘आडवीच बाहेर पडेन’ हे ती एकदा म्हणाली. एकदाच. बाबांना पुरून आलो त्या दुपारी ब्रूनोकाका तिच्या मागे लागला होता, घर विकून टाक, छोटं घे, आणि तिने त्याच्या तोंडावर ते वाक्य फेकलं. पुढे मीच ते चालवलं, तुझ्यापाशी, डॉक्टरांपाशी, फादरपाशी. ती समोर बसलेली असायची. तिने एकदाही खोडलं नाही.

का नाही खोडलं? तोंड होतं ना तिला? बिंगोचा आकडा चुकीचा पुकारला म्हणून फादरला झापणारी बाई ती. माझ्यासमोरच ती मूग गिळून का बसली? मी काय राक्षसीण होते? मी तिचे पाय चोळले, तिचं मऊ जेवण केलं, तिच्यासाठी माझं सगळं सोडून इथे आले. तिने मला म्हणायचं होतं, रेजी, मला धाकटीकडे जायचंय, मला ऊन पाहिजे, मला या थंड घराचा कंटाळा आलाय. मला न सांगता ते एका प्लॅस्टिकच्या बाहुल्याला सांगितलं, आणि तेसुद्धा त्याला डोक्यावर उभं करून.

मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं, असं तू म्हणशील. म्हण.

मला तिचा राग येतो. तू गेल्यावर मला कुणीच उरलं नव्हतं, घटस्फोटानंतर मी बॅग घेऊन त्याच पायऱ्यांवरून आत आले होते, आणि ती म्हणाली होती, “बरं झालं आलीस.” मी ते खरं मानलं. आता सकाळी कॉफी घेऊन तिथे बसावं म्हटलं तर बसता येत नाही. वाफा सगळा भरला, झाकणं बसवली, वरून पाय दिला. लोरेन म्हणाली की काम इतकं सफाईदार झालंय की कुणाला कळणारही नाही. पिओनी पुढच्या वर्षी फुलतील. बघायला दुसरं कुणीतरी असेल.

वकिलाच्या कागदावर सही केली आहे. पुढच्या आठवड्यात पाटी लागेल. तुझ्यासाठी करत नाही, आणि तिच्यासाठी करायचं तर फार उशीर झालाय. लोरेनच्या गॅरेजवर एक खोली आहे, ती घेतेय. ती म्हणते, भाड्याऐवजी रोज सकाळी तिच्या बाता ऐकायच्या. महाग पडणार आहे.

बाकीचे सहा जोसेफ मी चर्चच्या पेटीत टाकले. सातवा तुला पाठवतेय, चेन त्याच्या गळ्यात आहे तशीच. मी वेढे सोडवले नाहीत. फॉइल नवीन घातलंय. आईच्या घडीचा खूप वेळ प्रयत्न केला, जमली नाही, म्हणून वरून चिकटपट्टी लावली आहे.

सोबत खोलीचा फोटो आहे. तो फ्रिजमागे पडलेला नव्हता. तिच्या कोटाच्या खिशात होता आणि मी कोट धुवायला टाकताना काढून घेतला.

घर विकलं गेलं की जोसेफला वर काढून नव्या घरात मानाने उभं करायचं असतं. ज्या घरी जायला मिळावं म्हणून तिने त्याला पुरलं ते तुझं आहे. त्या खोलीतली सायकल काढ. खिडकीपाशी, जिथून संत्र्याचं झाड दिसतं तिथे, त्याला ठेव. डोकं वर करून ठेव.

रेजी